ओळख सांगणं आणि ओळख पटणं



वेंगुर्ल्याच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला रोजच्या काही शब्दांबद्दल बोलायचं आहे. आयडी, पासवर्ड, ओटीपी, केवायसी, व्हेरिफिकेशन. हे शब्द आता बँकेतल्या साहेबांपुरते राहिलेले नाहीत. मांडवीवर मासळीचे पैसे फोनवर घेणारी बाई ते वापरते, मुंबईहून सातबारा काढणारा चाकरमानी वापरतो आणि पेन्शनसाठी हयातीचा दाखला देणारे आजोबाही वापरतात. शब्द सगळ्यांच्या तोंडी आले, अर्थ मात्र फार थोड्यांना सांगितला गेला. आणि या अर्थाच्या अज्ञानावर आज एक मोठा धंदा उभा आहे, लुटारूंचा.

म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. ओळख सांगणं, ओळख पटणं आणि अधिकार मिळणं. मी म्हणालो, ‘मी अमुक’, ही झाली ओळख सांगितलेली. तुम्ही पुरावा मागितला, तपासला आणि तुमची खात्री झाली, ही झाली ओळख पटलेली. आणि पटल्यावरही मला तुमच्या घरात कुठवर येऊ द्यायचं, ओटीवर की माजघरात, हा तिसरा प्रश्न. संगणकशास्त्रात या तिन्हींना तीन वेगळी नावं आहेत आणि कोणतीही धड बांधलेली व्यवस्था हे तीन दरवाजे स्वतंत्र ठेवते. ते एकात एक मिसळले की काय होतं? त्याचं उदाहरण मी परदेशातून आणणार नाही. आपल्या कोकणातच ते घडून गेलं आहे.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. सदाशिवरावभाऊ रणात पडले. सावकारी पत्रांच्या सांकेतिक भाषेत ती बातमी दक्षिणेकडे आली, दोन मोती गळाल्याची. पण भाऊंचा देह नक्की ओळखला गेला का, याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. शंका राहिली, कारण आशा राहिली. पार्वतीबाईंनी तर पती गेले हे मानलंच नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोवर सौभाग्यचिन्हं त्यांच्या अंगावर होती. अशा वेळी उत्तरेत एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ‘मीच भाऊ.’ हा सुखनिधान नावाचा कनौजी ब्राह्मण. चेहरामोहरा भाऊंशी मिळताजुळता. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर हलवत शेवटी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यावर ठेवलं.

इथवर सगळं ठीक होतं. ओळख सांगितली गेली, पडताळली गेली, फेटाळली गेली. मग १७७६ साल उजाडलं. माधवराव जाऊन चार वर्षं झालेली, नारायणरावांचा खून झालेला, गादीवर लहान मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. पुण्याचे कारभारी त्या घोरात गुंतलेले. आणि रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला सोडलं आणि भाऊ म्हणून मान दिला. एका अधिकाऱ्यानं ‘हो’ म्हटलं आणि काय झालं पाहा. कोकणातले कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले, फौज जमली, पैसा जमला, आणि तोतया घाटाच्या वाटेला लागला. पुण्याला महादजी शिंद्यांना त्याच्यावर पाठवावं लागलं. पराभव झाल्यावर तो किनाऱ्याकडे पळाला, तिथे आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा पंच बसले, भाऊंना जवळून ओळखणारे लोक समोर आणले गेले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या बंडावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं, ते आपल्यापैकी जुन्या रसिकांना आठवत असेल.

आता मला सांगा, चूक कुठे झाली? तोतया उभा राहिला ही चूक नव्हे, तोतये उभे राहतातच. तो सारखा दिसत होता हीही चूक नव्हे. चूक ही की ओळख पटवणं आणि अधिकार देणं ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या मुठीत होती आणि त्यानं ‘हा भाऊ’ म्हणताच ‘म्हणून किल्ला याचा’ हे आपोआप झालं. खरे भाऊ जरी पंधरा वर्षांनी परतले असते, तरी किल्ल्याची किल्ली हुकुमावाचून त्यांच्या हाती का द्यायची, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. ओळख आणि अधिकार यांच्या मधला दरवाजाच नव्हता.

हे लक्षात ठेवा, कारण आजचा तोतया फोनवर येतो आणि त्याच दरवाज्याच्या अभावावर जगतो. तो म्हणतो, ‘मी बँकेतून बोलतोय.’ समजा, घटकाभर मान्य केलं, तो बँकेतलाच आहे. म्हणून त्याला तुमचा पिन विचारायचा अधिकार मिळाला का? नाही. बँकेच्या मॅनेजरलाही तो नाही. तेव्हा तो खरा की खोटा हे ठरवत बसायची गरजच नाही. मागणी बेकायदा आहे, एवढं पुरे.

आता पुराव्यांकडे येऊ. माणूस आपली ओळख तीनच प्रकारे पटवू शकतो. त्याला काय माहीत आहे, त्याच्याजवळ काय आहे, आणि तो स्वतः अंगानं कसा आहे. पासवर्ड आणि पिन हा पहिला प्रकार. सिमकार्ड, एटीएम कार्ड हा दुसरा. अंगठा, डोळ्याची बुबुळं, चेहरा हा तिसरा. जगातली कुठलीही पडताळणी घ्या, ती या तिघांतच बसते. ओटीपी कुठे बसतो? पुष्कळांना वाटतं तो पासवर्डचा भाऊ. नाही. ओटीपी हा ‘जवळ असण्याचा’ पुरावा आहे. तुमचं सिम तुमच्या हातात आहे, एवढंच तो सिद्ध करतो. म्हणून तो दुसऱ्याला वाचून दाखवला की काय होतं? तुमच्या हातातली वस्तू त्याच्या हातात गेल्यासारखं होतं. दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकत्र मागितले की त्याला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. एक चोरीला गेला तरी दुसरा राहतो. पण आपल्याकडे लोक पिन त्याच मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवतात. मग दोन पुरावे उरतात का? फोन गेला की दोन्ही गेले.

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणतो. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. घरी जाऊन आईवडिलांना सांगा.

तिसरा प्रकार अंगाचा, आणि तिथे थोडं थांबायला हवं. कारण आपल्या तालुक्याचं खरं दुखणं तिथे आहे.

वेंगुर्ल्याला काजूच्या नव्या जाती निघाल्या, ‘वेंगुर्ला’ हे नाव लावून त्या देशभर गेल्या, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण काजूगर सोलणाऱ्या बाईचा हात कधी जवळून पाहिला आहे का? काजूच्या टरफलात एक दाहक तेल असतं. ते बोटांना लागतं, कातडी काळी पडते, सोलते, पुन्हा येते, पुन्हा सोलते. वर्षानुवर्षं हे चाललं की बोटाच्या पेरावरच्या रेषा पुसट होतात. आणि ती बाई महिन्याच्या तांदळासाठी रेशन दुकानात उभी राहते. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणतं. दुकानदार सांगतो, ‘काकी, बोट पुसून परत लावा.’ ती पदराला बोट पुसते, परत लावते. दुसरं बोट लावते. मागे रांग उभी. शेवटी ती घरी येऊन एवढंच म्हणते, ‘अंगठो लागना नाय.’ जाळं ओढणारा, जांभा दगड काढणारा, सिमेंट कालवणारा, आणि म्हातारपणी तर कुणीही, या सगळ्यांची हीच गत.

पडताळणीच्या शास्त्रात दोन चुका सांगितलेल्या आहेत. खोट्याला खरा मानणं ही एक, आणि खऱ्याला खोटा ठरवणं ही दुसरी. रत्नागिरीच्या किल्ल्यावर पहिली झाली, आपल्या रेशन दुकानात दुसरी होते. यंत्र कडक केलं की पहिली कमी होते आणि दुसरी वाढते. सैल केलं की उलट. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणणारं यंत्र अजून जन्माला आलेलं नाही. मग कडकपणा किती ठेवायचा, हे ठरवतो कोण? आणि चुकीची किंमत मोजतो कोण? पहिल्या चुकीचा फटका सरकारला किंवा बँकेला बसतो, म्हणून तिच्याबद्दल बैठका होतात, परिपत्रकं निघतात. दुसऱ्या चुकीचा फटका त्या काकीला बसतो. तिची बैठक कोण घेणार?

माझं ठाम मत आहे की जी व्यवस्था फक्त पहिली चूक मोजते आणि दुसरी मोजतच नाही, तिला सुरक्षित म्हणू नये. सुरक्षितता म्हणजे चोराला अडवणं आणि धन्याला आत घेणं, दोन्ही. शास्त्रातही सुरक्षेचे तीन आधार सांगतात: गुप्तता, अखंडता आणि उपलब्धता. गरजेच्या वेळी हक्काची गोष्ट हक्काच्या माणसाला मिळणं, हा तिसरा आधार. पावसाळ्यात नेट गेलं आणि तांदूळ मिळाला नाही, तर तीही सुरक्षेतली तूट आहे. अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. मोबाईलवरचा ओटीपी, बुबुळं, नोंदवहीत नोंद करून धान्य देणं, हे पर्याय आहेत. ते मागायचे असतात, हे काकीला माहीत नाही. ते आपण सांगायचं.

आधारबद्दल आणखी एक गोष्ट. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. बारा आकडे. यातला शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला पहारेकरी आकडा असतो. लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो पकडतो. ही रीत व्हेरहॉफ नावाच्या एका डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली. ज्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, तिथे हे सांगताना मला बरं वाटतं. पण हा पहारेकरी आकडा फक्त लिहिण्यातली चूक पकडतो, माणूस खरा की खोटा ते सांगत नाही. आधार क्रमांक ही सांगितलेली ओळख आहे, पटलेली नव्हे. आणि आपण काय करतो? कुणीही मागितलं की आधारची झेरॉक्स देतो, आणि घेणाराही ती फायलीला लावून ‘केवायसी झाली’ म्हणतो. झेरॉक्सनं काहीच पटत नाही. कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्यावरची डिजिटल सही तपासली तर काही पटतं. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करता येतं, बोटांच्या ठशांना कुलूप लावून ठेवता येतं. हे दोन्ही विनामूल्य आहे.

डिजिटल सही म्हणजे काय, हे समजायला आपल्याच दप्तरांकडे जावं. शिवकाळातलं पत्र डोळ्यांसमोर आणा. माथ्यावर राजमुद्रा, हे पत्र कुणाचं ते सांगणारी. आणि मजकूर संपला तिथे मर्यादामुद्रा, किंवा मोर्तब. का? मजकूर इथे संपला, याखाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती खोटी, म्हणून. कागद लांब असेल, तुकडे जोडून केलेला असेल, तर जोडावर पाठीमागून शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. सावकाराची हुंडी पाहा. रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरांत, आणि वर त्या रकमेच्या निम्म्याची दुप्पट असंही लिहायचं. हजाराचे दहा हजार करायचे तर खोडाखोड किती ठिकाणी करावी लागेल! पाटलानं सही म्हणून नांगर काढायचा, शेट्यानं तागडी. नांगरावरून व्यवसाय कळतो, माणूस कळत नाही, म्हणून शेजारी साक्षीदारांची नावं. ही माणसं भाबडी नव्हती. कागद कुणाचा आणि कागद जसाच्या तसा आहे का, हे दोन प्रश्न त्यांना स्वच्छ वेगळे दिसत होते.

डिजिटल सही हेच दोन प्रश्न एकदम सोडवते. १९७६ मध्ये अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली, त्यावर ती उभी आहे. एक किल्ली सही करणाऱ्यानं गुप्त ठेवायची, दुसरी जगाला वाटायची. गुप्त किल्लीनं केलेली सही उघड किल्लीनं कुणालाही तपासता येते, पण करता येत नाही. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सही मोडते. आणि करणाऱ्याला नंतर ‘ही माझी सही नव्हे’ असं सहज म्हणता येत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि अशा सहीला कायद्याची मान्यता मिळाली. आज पंधरा रुपयांत जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो, त्याच्या पोटात हे सगळं आहे. पण एक सांगतो. ती सही फाइलमध्ये असते. कागदावर छापली की उरतं फक्त तिचं चित्र. म्हणून जमिनीच्या व्यवहारात कुणी छापील सातबारा पुढे केला, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. सामाईक जमिनीत सह्याद्रीएवढे हिस्सेदार असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही सवय फार उपयोगाची आहे.

तपासणारा खोटा निघाला तर काय, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चौऱ्याण्णव कोटींहून जास्त रक्कम दोन दिवसांच्या कारवाईत गेली. देशोदेशीच्या एटीएमवर बनावट कार्डं लावली गेली. एटीएमनं रीतसर विचारलं, ‘हे कार्ड खरं का?’ पण तो प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही. हल्लेखोरांनी मध्ये बनावट यंत्रणा बसवली होती आणि तीच प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत होती. दार मजबूत होतं, कुलूप मजबूत होतं, ‘हो’ म्हणणाराच तोतया होता.

आणि इथे मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. गेली पंधरा वर्षं या देशातला सामान्य माणूस दिवसरात्र स्वतःची ओळख पटवून देतो आहे. बँकेला, गॅसला, सिमकार्डवाल्याला, शाळेला. पण समोरच्यानं आपल्याला त्याची ओळख पटवून द्यावी, हे कुणी शिकवलं का? पडताळणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, हा या शास्त्रातला जुना नियम आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी काही ब्राउझरांत कुलूप दिसतं ते याचसाठी. पत्ता ज्याचा आहे त्याच्याशीच तुम्ही जोडलेले आहात, एवढं ते सांगतं. पत्त्याचा मालक सज्जन आहे असं ते सांगत नाही, तेव्हा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा. आणि ते कुलूप खरं कशावरून? एका संस्थेनं दाखला दिला म्हणून. त्या संस्थेला वरच्या संस्थेनं दिला म्हणून. आपल्याकडे अनोळखी पोराला म्हातारी विचारते, ‘तू कोणाचो झील? घर खंय?’ आणि उत्तरातलं एक तरी नाव तिच्या ओळखीचं निघाल्याशिवाय पुढचं बोलत नाही. विश्वासाची साखळी हीच.

मग तीच म्हातारी फोनवर ‘मी सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, व्हिडिओ बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही’ असं ऐकल्यावर गप्प का होते? निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेत हयात घालवलेली माणसं या ‘डिजिटल अटके’त आयुष्याची पुंजी घालवून बसली आहेत. ती मूर्ख नाहीत. ती भ्यालेली असतात, एकटी पाडलेली असतात. अशा माणसाला हसू नका, हे मी हात जोडून सांगतो. हसण्याच्या भीतीनं लोक तक्रार करत नाहीत, आणि तोतयाला तेच हवं असतं. भारताच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओवर अटक करत नाही आणि कुठलंही न्यायालय तपासणीसाठी पैसे वळते करायला सांगत नाही. फोनवर गणवेश दिसला, आवाज अगदी ओळखीचा वाटला, मुलाचा असला, तरी आता आवाज आणि चेहरा यंत्रानं बनवता येतो. सारखं दिसणं हा पुरावा नव्हे, हे आपल्याला १७७६ पासून ठाऊक आहे. फोन ठेवायचा. आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर आपण होऊन फोन करायचा. मुलाच्या नावानं फोन आला तर मुलाच्या नेहमीच्या नंबरवर, बँकेच्या नावानं आला तर पासबुकावरच्या नंबरवर. आणि घरात कुणाला तरी लगेच सांगायचं.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर? तर वेळ महत्त्वाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात. ते निघून जाण्याआधी कळवलं तर मधल्या खात्यात गोठवता येतात. तासाभरात कळवणं आणि दोन दिवसांनी कळवणं यात सगळ्या पुंजीचा फरक पडू शकतो. त्यासाठी देशभर एकच मदत क्रमांक आहे, आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या माणसाला तो पाठ करावा लागणार नाही. शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला ते साल आठवा. १९३०. तोच नंबर आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या फोनमध्ये तो घाला, आणि तो कशासाठी आहे ते त्यांच्या शेजारी बसून त्यांना सांगा.